तारीख चुकलेले माहितीपत्रक

मित्रांनो, मी एक जुने, तीन घड्यांचे माहितीपत्रक आहे. माझा जन्म पेणच्या एका छोट्या छापखान्यात झाला. दिनानाथ नावाच्या जुळाऱ्याने शिशाच्या अक्षरांचा एकेक खिळा जुळवून माझा मजकूर उभा केला आणि गुळगुळीत जाड कागदावर आम्ही तीनशे भावंडे उतरलो. तेव्हा पनवेलहून रोह्यापर्यंत प्रवासी रेल्वेगाडी सुरू होऊन दोन-तीन वर्षे झाली होती.

माझ्या पहिल्या पानावर लिहिले होते, ‘रंग का उडतो? या, शिकू या. मोठ्या माणसांसाठी दहा रविवारांचा वर्ग.’ आत वर्गाची जागा होती, रोह्याच्या शाळेची प्रयोगशाळा. तारीख होती, श्रावणातला पहिला रविवार. आणि खाली एक अट होती: आषाढातल्या शेवटच्या शनिवारपर्यंत पंधरा नावे आली, तरच वर्ग भरेल.

हा मजकूर चंद्रावतीबाईंचा. त्यांनी तीस वर्षे रोह्यात विज्ञान शिकवले होते. शाळा सोडावी लागलेल्या माणसांनाही परीक्षानळी हातात धरायला मिळावी, ही निवृत्तीनंतरची त्यांची एकच इच्छा होती. श्रावणापर्यंत भाताची लावणी उरकते आणि माणसे मोकळी होतात, हे त्यांनी तीन वर्षांच्या नोंदी पाहून ठरवले होते.

बाई स्वतः आम्हाला पिशवीत घालून गावोगाव फिरल्या. पेणजवळच्या जोहे गावात महिपतींच्या गणपतीच्या कारखान्यात तर आमचे फार कौतुक झाले.

“वा, कागद जाड हाय!” महिपती आम्हाला बोटांत चोळून म्हणाले. “आणखी हायत काय, बाई?”

बाईंनी आनंदाने पन्नास प्रती ठेवल्या. आम्हीही फुगलो. पण कारखान्याला आमची गरज होती ती वेगळ्याच कारणाने. आमच्या कागदात रंग मुरत नव्हता, त्यामुळे ब्रशचे टोक तपासायला आम्ही उत्तम होतो! मूर्तीचे डोळे रेखण्याला तिथे आखणी म्हणतात. त्या आखणीआधी प्रत्येक जण आमच्यावर एक रेघ ओढून पाही. आठवड्यात माझी चाळीस भावंडे रंगून केरात गेली.

मी पुतळीच्या वाट्याला आले. सातवीनंतर शाळा सुटलेली पुतळी आखणीत सगळ्यांत तरबेज होती. तिने माझ्यावर तीन डोळे काढले, चौथा काढताना थांबली आणि मला वाचू लागली.

“रंग का उडतो, ते शिकवतायत गो! गेल्या साली माझे डोळे पुसट झाले, तेव्हा कोणी सांगितलं नाय.”

“तुझे, का गणपतीचे?” शेजारच्या सरूने विचारले. सगळा कारखाना हसला.

पुतळी मात्र तारखेपाशी अडली. “श्रावणात? श्रावणात जोह्यातून कोण उठल? बाई येडी हाय काय?”

“शिकलेली हाय,” महिपती म्हणाले.

शेवटच्या शनिवारी पुतळीने दुपारपर्यंतची आखणी सकाळीच उरकली आणि जवळच्या जिते स्टेशनावरून गाडी पकडून रोहा गाठले. प्रयोगशाळेत चंद्रावतीबाई एकट्या बसल्या होत्या. वहीत चार नावे होती. पुतळीने मला टेबलावर ठेवले.

“यावर डोळे कोणी काढले?” बाईंचा आवाज दुखावलेला होता.

“मी. ब्रश तपासायला घेतलं होतं. पन वाचलं, म्हणून आले. तुमची तारीख चुकलीय.”

“चुकेल कशी? लावणी पाहून मोजली आहे.”

“शेतात मोजलीत, बाई. कारखान्यात नाय मोजलीत. शेत मोकळं होतं, तवा आम्हाला पाणी प्यायला सवड नसते.”

बाईंनी माझ्यावरच्या तारखेवरून बोट फिरवले. मग हसल्या. “तीन वर्षांच्या नोंदी पाहिल्या, पण तुम्हाला विचारले नाही. मग कधी?”

“गणपती गेले की हात रिकामे. तारीख बदला, नऊ जणी यायला तयार हायत. दहावी मी.”

“चौदा झाली. प्रयोगशाळा द्यायला शाळेच्या मुख्याध्यापकांनी पंधरा नावे मागितली आहेत. महिना कोणता, हे त्यांनी विचारलेले नाही. पण एक नाव कमीच आहे.”

“आमच्या कारखान्याच्या मालकांचं लिहा,” पुतळी म्हणाली. “त्यांना मी सांगते.”

विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी चौदा जण बाकांवर बसले. बाईंनी घड्याळ पाहिले. मुख्याध्यापक दाराशीच उभे होते. तेवढ्यात धोतर सावरत महिपती आत आले.

“माझं नाव मला न विचारता लिहिलंय,” ते कुरकुरले, आणि पहिल्याच बाकावर जाऊन बसले. “बरं, ती काचेची नळी कशी धरायची?”

मित्रांनो, तो वर्ग पुढे सहा वर्षे चालला. मी बाईंच्या कपाटात राहिले. कडा पिवळ्या पडल्या, घड्या विरल्या, तरी बरे चालले आहे. माझ्यानंतरच्या भावंडांवर बाईंनी तारखेची जागा कोरीच छापून घेतली. आधी त्या गावात जाऊन माणसांना विचारत आणि मग पेनाने ती भरत.

तुमच्या हाती एखादे पत्रक आले, तर त्याची होडी करण्याआधी एकदा वाचा. त्यामागे कोणीतरी पंधरा नावांची वाट पाहत बसलेले असते. आणि कधी तुम्हीच पत्रक काढलेत, तर छापखान्यात जाण्यापूर्वी ज्यांना बोलवायचे आहे त्यांच्या दारात जा, आणि विचारा, “तुम्हाला सवड कधी?”