हनुवटी खाली

"डोकं हलवू नकोस. एक मिनिट."

त्याने कागदाची पट्टी बायकोच्या कानशिलापाशी, गॉगलच्या कडेखाली सरकवली. पट्टी कुठेच अडली नाही. आतल्या चष्म्याची काडी जिथून बाहेर येत होती, तिथे गॉगलची रबरी कड कातडीला टेकतच नव्हती. दुसऱ्या बाजूलाही तेच.

"कागद जातोय," तो म्हणाला. "म्हणजे शिंतोडाही जाणार."

"मेट्रनबाई तेच म्हणाल्या. चष्मेवाल्यांनी वॉर्डात यायचं नाही. मला स्टोअरला बसवतायत, सुया नि हातमोजे वाटायला."

"मग चष्मा काढून नुसता गॉगल घाल."

"घालते. मग पोर कुठलं नि उशी कुठली ते तुम्ही येऊन सांगा."

ती मुलांच्या वॉर्डात सिस्टर होती. साथ खोकल्यातून पसरत होती. खोकणाऱ्याच्या तोंडाजवळ वाकणाऱ्याला ती डोळ्यांतूनही धरते, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर इस्पितळाने सगळ्यांना गॉगल वाटले होते. तो स्वतः चौकातल्या दुकानात भिंगं घासायचा. दुकानाचे मालक दोनदा बदलले, घासायचं चाक एकदा बदललं. तो तोच राहिला.

तिने गॉगल त्याच्या हातात दिला. "आत भिंगं बसवता येतील का हो? माझ्या नंबरची?"

त्याने गॉगल उजेडात धरला, उलटा केला. नाकाच्या वरच्या बाजूला आतून एक खाच होती. तिच्यात तार अडकवली, तारेला दोन लहान भिंगं टांगली, की काम झालं. हे त्याला पहिल्या नजरेतच दिसलं.

"नाही जमणार," तो म्हणाला.

बायकोने हनुवटी वर करून त्याच्याकडे पाहिलं. तिचा चष्मा दोन नंबरांचा, जवळचं भिंग खाली. त्यामुळे जवळचं काहीही बघायचं तर ती हनुवटी उचलायची. भाचरं म्हणायची, मामी भांडायला उभी आहे. त्याला मात्र त्या सवयीचा उपयोग होता. बसथांब्यावर, बाजारात, लग्नाच्या गर्दीत तो चेहरे शोधत बसायचा नाही, हनुवटी शोधायचा.

"बरं," ती म्हणाली आणि गॉगल फडताळात ठेवून दिला.

ती स्टोअरला जाऊ लागली. वेळेवर जायची, वेळेवर यायची. त्याला पुन्हा शांत झोप लागू लागली. आपण खोटं बोललो हे त्याला माहीत होतं, पण ते खोटं दोघांनाही मानवलंय असं त्याने स्वतःपुरतं ठरवून टाकलं होतं.

मग एके दिवशी वॉर्डातल्या मावशी दुकानात आल्या. चष्म्यामुळे त्यांनाही आता वॉर्डाच्या दाराबाहेरच बसवलं होतं; त्या चष्म्याचाच स्क्रू पडला होता.

"दादा, सिस्टर बऱ्या आहेत ना? आमचे हाल चाललेत बघा. सलाईन लावायला शीर म्हणून सापडत नाही. नवी पोरगी चांगली आहे, पण चार-चारदा टोचते. पोरगं रडतं, ती रडते, रडली की गॉगलच्या काचेवर वाफ धरते. काल वैतागून गॉगल कपाळावर चढवला तिने. मेट्रनबाई अश्शा ओरडल्या!"

"तिचं काय चुकलं?" तो स्क्रू बसवत म्हणाला.

"चुकलं कुणाचंच नाही हो. दिसत नाही, काय करणार? सिस्टर असत्या तर एका टोचणीत काम झालं असतं."

त्याने चष्मा पुसून मावशींच्या नाकावर बसवला.

संध्याकाळी दोघं बातम्या बघत होती. तिचा अंगठा त्याच्या हातावर, कोपराच्या आतल्या बाजूला फिरत होता. दाबायचा, थांबायचा, सुटायचा. तिचं लक्ष पडद्याकडेच होतं.

"काय करतेस?"

"अं?" तिने हात मागे घेतला. "काही नाही. तुमची शीर चांगली आहे. आंधळ्यालासुद्धा सापडेल."

"आणि पोरांची?"

"पोरांचे हात म्हणजे नुसता लोण्याचा गोळा. आत शीर सुतासारखी. बोटाला कळते, पण सुई घालताना डोळ्याला दिसावी लागते."

तो उठला. फडताळातून गॉगल आणि शिवणाच्या डब्यातून टेप काढली. एक टॉवेल गुंडाळून पलंगावर ठेवला.

"हे पोर समज. सुई कशी लावतेस ते दाखव."

तिने टॉवेलकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "त्या दिवशी जमत नव्हतं ना?"

"त्या दिवशी नीट बघितलं नव्हतं."

"तुम्ही?" ती म्हणाली. पुढे काही विचारलं नाही. टॉवेलवर वाकली आणि सवयीने हनुवटी वर उचलली.

"हनुवटी खाली."

"खाली केली तर दिसणार कसं?"

"वर केलीस की मास्क गॉगलला ढकलतो. गालापाशी कड उचलली जाते. मग इतकं करून उपयोग काय? जवळचं भिंग मी मधोमध घेतो. लांबचं वरच्या काठाला, जेमतेम."

"म्हणजे लांबचं बघायचंच नाही?"

"तिथे लांबचं काय आहे बघण्यासारखं?"

"दार आहे. तुम्ही दारात येऊन उभे राहिलात म्हणजे?"

"मला आत सोडतंय कोण!"

त्याने तिच्या डोळ्यापासून टॉवेलपर्यंत टेप धरली. पुन्हा एकदा धरली. हातांवर त्याचा विश्वास होता; डोळ्यांवर आताशा तेवढा राहिला नव्हता.

भिंगं त्याने दुसऱ्या दिवशी घासली. मालकाने विचारलं, कुणाची? तो म्हणाला, घरची. घरी येऊन तिला गॉगल चढवला, पट्टा आवळला, कागदाची पट्टी चारी बाजूंनी लावून पाहिली. कुठेही आत गेली नाही. तिने मान सरळ ठेवून, हनुवटी जराही न उचलता टॉवेलकडे पाहिलं.

"धागे दिसतायत," ती म्हणाली.

मेट्रनबाईंनीही कागद लावून पाहिला आणि तिला वॉर्डात परत घेतलं. वॉर्डात काम करणाऱ्यांना आता घरी येता येत नसे. ती आवारातल्या खोल्यांत राहू लागली. आठवड्याने तो तिचे धुतलेले कपडे घेऊन गेला. पिशवी फाटकावर पहारेकऱ्याने घेतली. मुलांचा वॉर्ड तळमजल्यावर, कुंपणाच्या गजांतून त्याची लांबलचक खिडकी दिसायची. आत सगळ्याजणी एकसारख्या होत्या. पांढरा झगा, टोपी, मास्क, गॉगल. कुणी खाटेवर वाकत होती, कुणी बाटली टांगत होती. तो हनुवटी शोधू लागला. सगळ्यांच्या माना सरळ होत्या.

तो खिडकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा पाहत गेला. शेवटी मधल्या खाटेपाशी उभी असलेली त्याला तिच्यासारखी वाटली. त्याने हात हलवला. तिने क्षणभर पाहिलं आणि हात हलवला. तो समाधानाने घरी आला.

संध्याकाळी तिचा फोन आला.

"कपडे मिळाले हो. तुम्ही आला होतात?"

"म्हणजे? हात नाही का केलास मला? खिडकीतून?"

"मी? मी दिवसभर आतल्या खोलीत होते, लहानग्यांपाशी. खिडकीकडे फिरकलेसुद्धा नाही."

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"केला असेल कुणीतरी," ती म्हणाली. "सगळ्यांचंच कुणी ना कुणी बाहेर आहे."

"आणि दिसतं ना नीट?"

"दिसतं. आज प्रत्येकाला एकदाच टोचावं लागलं. मानसुद्धा दुखत नाही आता."

"बरं झालं," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी कपडे न्यायचे नव्हते. तरी दुकानातून येताना तो कुंपणाकडे वळला. खिडकीत पांढरे आकार हलत होते. त्याने गजांमधून हात आत घातला, वर केला आणि कुणा एकीकडे न बघता थोडा वेळ तसाच धरून ठेवला.