लेखी नकार

लाँड्रीवालीला मोठं मशीन हवं होतं, तीस किलो चादरी एका दमात धुणारं. इस्पितळाने चादरींचं काम तिला देऊ केलं होतं. अट एकच, महिनाअखेरीच्या आत मशीन बसलेलं हवं. इस्पितळाचं ते पत्र अर्जाला जोडून ती बँकेत कर्जवाल्या साहेबासमोर बसली. साहेबाच्या डोक्यामागे काचेच्या चौकटीत कायदा टांगला होता : कर्ज देताना स्त्री-पुरुष, विवाहित-अविवाहित असा भेद होणार नाही, नकार दिल्यास कारण लेखी मिळेल.

साहेबाने कागद उलटसुलट पाहिले. खोट सापडेना.

"सोबत सही करायला घरचं कुणी पुरुषमाणूस?"

"नवरा सोडून गेला, त्याला नऊ वर्षं झाली. दुकान मीच चालवते."

"हं." त्याने अर्ज हळूच बाजूला सारला. "ताई, तुमच्या भल्याचं सांगतो. वर पाठवला तर नकारच येणार. आणि एकदा नकार लागला की तो सगळ्या बँकांना दिसतो. त्यापेक्षा अर्ज मागे घ्या, उगाच डाग नको."

मागे घेण्याचा छापील कागद खणात तयारच होता. तिने सही केली, वर आभारही मानले.

धाकट्या बहिणीने ऐकलं आणि कपाळावर हात मारला. "आभार? अगं, त्याने केसाने गळा कापला आणि तू त्याला विंचरायला कंगवा दिलास!"

दुसऱ्या दिवशी दोघी बँकांविरुद्धच्या तक्रारी घेणाऱ्या सरकारी कार्यालयात गेल्या. तिथल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"नकाराचं पत्र?"

"ते दिलंच नाही."

"तेच तर. त्या शाखेने तीन वर्षांत एकाही बाईला नकार दिलेला नाही. सगळ्यांनी आपणहून अर्ज मागे घेतलेत." बाईंनी आवाज खाली आणला. "मला एक नकार आणून द्या. पुढचं मी बघते."

लाँड्रीवाली तशीच बँकेत गेली. "मला नकार हवाय."

साहेब हसला. "लोक इथे कर्ज मागतात, ताई."

"कर्जच मागतेय. पण या खेपेला मागे घेणार नाही."

नव्या अर्जाच्या पोचेवर शिक्का बसेपर्यंत ती खुर्चीवरून हलली नाही. शिक्का मारून साहेब म्हणाला, "निर्णयाला कायद्याने तीस दिवस असतात हं."

महिना संपायला अकरा दिवस उरले होते. तिने इस्पितळाच्या भांडारपालाकडे मुदत मागितली. माणूस वाईट नव्हता. "बाई, मी थांबेन हो, पण पेशंट काय चादरीविना झोपवू?" बाराव्या दिवशी काम दुसऱ्याला गेलं.

एकोणतिसाव्या दिवशी बँकेचं पत्र आलं. दोघी बहिणी ते घेऊन तडक तक्रार कार्यालयात पोचल्या. बाईंनी उत्साहाने चष्मा चढवला. कारण एका ओळीत होतं : अर्जदाराकडे मशीन चालण्याइतकं काम नाही.

"पण इस्पितळाचं काम आहे ना तुमच्या हातात?"

"होतं."

बाईंनी ती ओळ पुन्हा वाचली, मग पत्र टेबलावरून परत सरकवलं. "कारण खरं आहे. खऱ्या कारणावर मला काही करता येत नाही."

बहीण भांडायला पुढे सरसावली. लाँड्रीवालीने तिचं मनगट धरलं. "चल. दुकान बंद आहे सकाळपासून."