काजळीखालचा चुना

मी रंगाऱ्याचा ब्रश आहे. दुकानात माझे नाव तेवढेच होते. कादिरने मात्र मला पहिल्या दिवसापासून 'कलम' म्हटले. दोन बोटे रुंद, चपटा आणि मऊ, लांब केसांचा, अशी माझी जडणघडण. कादिर मूळचा हर्णैचा. तरुणपणी त्याने गावोगावच्या दर्शनी भिंतींवर निवडणुकीचा प्रचार लिहिला, तो माझ्याच साहाय्याने. पुढे पोटासाठी तो सौदीत आला आणि त्याच्या पेटीतून मीही आलो.

येथे आम्ही दुकानांच्या पाट्या लिहिल्या, तेलाच्या टाक्यांवर धोक्याचे इशारे लिहिले. मग छापील पाट्या आल्या आणि माझे केस डब्यात वाळू लागले.

अशा वेळी यान्बूला एका प्रदर्शनासाठी प्राचीन रोमन शहरातील एक गल्ली हुबेहूब उभारण्याचे काम निघाले. त्या घरांच्या दर्शनी भिंतींवर निवडणुकीची आवाहने हाताने लिहिणारा माणूस हवा होता. काम पसंत पडले, तर कंपनी कादिरचा इकामा, म्हणजे येथे राहण्याचा परवाना, वाढवणार होती. न पडल्यास त्याला कायमचे घरी जावे लागणार होते. घरी त्याच्या धाकट्या लेकीचे, दुआचे, नर्सिंगचे शिक्षण अर्ध्यावर होते.

गल्लीची रचना श्यामलाताईंची. त्या रियाधहून आल्या होत्या.

"आधी चुना, त्यावर तांबडी अक्षरे," त्या जुन्या भिंतींची छायाचित्रे दाखवत समजावू लागल्या. "हे पाहा, अमक्याला निवडून द्या अशी शेजारी विनंती करताहेत. इथे पाववाले करताहेत. आणि इथे चक्क एका बाईचं नाव आहे. तिला स्वतःला मताचा हक्क नव्हता, तरी ती शिफारस करते."

कादिर हसला. "आमच्याकडं भिंतवाल्याला कोण विचारतो, मॅडम? सकाळी दार उघडलं की त्याला कळायचं, आपण यंदा कुणाचे कार्यकर्ते."

"हे दोन हजार वर्षांपूर्वीचं आहे, कादिरभाई."

मी थक्क झालो. तेव्हाही कुणी दोरी ताणली होती, चुना वाळण्याची वाट पाहिली होती आणि अक्षराच्या वळणावर श्वास रोखला होता. तो उमेदवार गेला, त्याचे मतदार गेले, ते नगर ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले. पण कुंचल्याचा तो फटकारा टिकला. आपले कूळ इतके जुने आहे, हे मला तोवर कुणीही सांगितले नव्हते.

मी जीव ओतून लिहिले. मुकादम विनोद चिपळूणचा. तो येता-जाता टोमणे मारी. "कादिरचाचा, यल्ला, आटपा. तुमचा उमेदवार पडेल तोवर."

"तो कधीच पडलाय रे. आता घाई कसली?"

भिंत पुरी झाली आणि बादलीभर चुना उरला. कादिरच्या उस्तादांची एक रीत होती: ज्याच्या घरावर प्रचार लिहायचा, त्याच्या चुलीमागच्या भिंतीला उरलेला चुना द्यायचा. भिंत वापरू दिल्याची तेवढीच परतफेड. कादिर चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन आत गेला. मी त्याच्या खिशात होतो. दिवाणखान्याच्या भिंतींवर बागा फुलल्या होत्या, पक्षी बसले होते. स्वयंपाकघरापलीकडच्या ठेंगण्या दारापाशी मात्र रंग थांबला होता. आत खिडकी नव्हती. भिंती उघड्या, ओरखडलेल्या, दिव्याच्या धुराने काळवंडलेल्या. कादिरने चुलीमागच्या भिंतीऐवजी ती सबंध खोलीच पांढरीशुभ्र केली.

दुपारी श्यामलाताई आल्या आणि दारातच थबकल्या.

"हे काय केलंत? ही नोकरांची खोली आहे. ती काजळी, ते ओरखडे, सगळं मुद्दाम केलेलं होतं."

"उरलेला चुना घराला द्यायचा, ही सवय हो. आणि खोली बघितली, तर आमच्या कामगारांच्या कॅम्पातल्यासारखी. म्हटलं, इथं कुणीतरी झोपत असेल."

"झोपत होतं. म्हणूनच ती पांढरी करता येत नाही. लोक येतील आणि समजतील, नोकर सुखात होते."

विनोद मागून म्हणाला, "खलास. चाचा, बॅग भरा."

"कंपनीचे मालक संध्याकाळी येणार आहेत," श्यामलाताई शांतपणे म्हणाल्या. "तोवर खोली होती तशी झाली, तर मी काम पसंत म्हणून कळवीन. नाही झाली, तर माझाही इलाज नाही."

कादिरने काजळी कालवली. मोठ्या कुंच्याने पट्टे उठले. बोळ्याने डाग पडले. दिव्याचा धूर भिंतीवर चढतो, तो खाली दाट आणि वर विरळ होत जातो. त्याची कड कुठेच दिसत नाही. तसे काम मऊ केसच करू शकतात. कादिरने मला खिशातून काढले. काजळी एकदा मुळापर्यंत शिरली, की ब्रश पुन्हा स्वच्छ रंग लिहीत नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते. त्याने अंगठ्याने माझे केस सरळ केले, "चल बाबा" म्हणाला आणि मला काळ्यात बुडवले.

तांबड्या अक्षरांचा माझा सारा गर्व त्या भिंतीवर विरून गेला. आजवर मी नावे उजळली होती. आता मी त्यांचा अंधार लिहीत होतो, ज्यांची नावे कुठल्याच भिंतीवर नव्हती. इतक्या अदबीने मी कधीच चाललो नव्हतो.

संध्याकाळी मालक आले. मोठ्याने बोलत आलेला तो गृहस्थ त्या दारापाशी आपोआप हळू बोलू लागला. काम पसंत पडले.

कादिर आता जिझानला नव्या कामावर आहे, नवा ब्रश घेऊन. जाण्यापूर्वी त्याने मला पुनःपुन्हा धुतले. पाणी काळेच येत राहिले. शेवटी त्याने मला या खोलीतल्या कोनाड्यात, मातीच्या दिव्याशेजारी ठेवले. श्यामलाताईंनी पाहिले आणि मला तेथेच राहू दिले.

तुम्ही येथे याल, तेव्हा बाहेरची तांबडी अक्षरे अवश्य पाहा. ती माझीच आहेत. मग थोडे वाकून आतही या. भिंतीला मात्र हात लावू नका. काजळी अजून बोटाला लागते आणि तिच्याआडचा चुना दिसू लागतो. तो झाकायला कादिर आता येथे नाही. आणि मला विचाराल, तर तो झाकावा असे वाटत नाही.