उजवीकडची सीट

सीटच्या पट्ट्याचं ते चपटं पोलादी टोक तिने तळव्यावर ठेवलं होतं आणि ती त्याच्याकडे बघत होती—बाजारात कुणी अनोळखी माणसाने हातात काहीतरी ठेवून निघून जावं, तशी. नॉरिसने गाडी अजून चालू केली नव्हती. थांबायचं, आपण होऊन हात पुढे करायचा नाही. डॉक्टरीणबाईंनी तसंच सांगितलं होतं, जे जमतं ते करू द्या म्हणून. पण जमत नव्हतं. तिने ते टोक उलटं केलं, सुलटं केलं, त्यावर पडलेलं सप्टेंबरचं ऊन अंगठ्याने पुसल्यासारखं केलं, आणि मग अगदी सहज, जणू ते तिचं नव्हेच, त्याच्या मांडीवर ठेवून दिलं. त्याने वाकून पट्टा लावला.

"झालं?" ॲव्हिसने विचारलं.

"झालं."

हे 'झालं' आता दिवसातून किती वेळा म्हणावं लागतं... बटणं लावून झाली, औषध घेऊन झालं, आपलं लग्न झालं, तुझी आई वारली, तेही झालं. त्याने किल्ली फिरवली. निळी अमेरिकन कॉर्व्हेट खालून गुरगुरली, आणि समोरच्या घरातल्या टपीबाईंच्या खिडकीचा पडदा नेहमीप्रमाणे हलला. गाडी चौतीस वर्षं त्याच्याकडे होती. दर सप्टेंबरात लाउथ गावाच्या पलीकडे, बंद पडलेल्या विमानतळाच्या धावपट्टीवर, अमेरिकन गाड्यांचा मेळावा भरे आणि दर सप्टेंबरात ते दोघं जात: अंड्याची सँडविचेस, थर्मास, तिची घडीची खुर्ची. काल फोनवर मुलगी, जिलियन, चिडली होती. "बाबा, आईला त्या गाडीत नका नेऊ. दारात साधी, सरळ गाडी उभी आहे ना?" तो म्हणाला होता, "तिला आवडतं गं." आवडतं? हे तिने कधी म्हटलं होतं? की हेही मीच म्हणत आलो, इतकी वर्षं, तिच्या वतीने...

गाडी उजव्या बाजूने चालवायच्या देशासाठी घडवलेली, स्टिअरिंगचं चाक डावीकडे. इंग्लंडच्या रस्त्यावर ती चालवायची म्हणजे चालवणारा कुंपणाच्या झुडपांना चिकटून बसणार, आणि पुढे एखादी ट्रॉली आली की त्याला दिसणार फक्त तिच्या फळ्या. समोरून काय येतंय ते दिसतं शेजारच्या माणसाला. म्हणून पहिल्याच आठवड्यात त्यांनी दोन शब्द ठरवले होते. थांब. आता. ॲव्हिस मान न वळवता, नजर लांब ठेवून म्हणे, "थांब... थांब... आता!" आणि तो न बघता ट्रॉली ओलांडायला बाहेर पडे. न बघता! चौतीस वर्षं अर्धा रस्ता त्याने पाहिलाच नव्हता, एका बाईच्या शब्दावर तो त्यात शिरत आला होता, आणि ती एकदाही चुकली नव्हती. कशी चुकेल? एकोणीस वर्षं तिने सरकारी वाचनालयाची फिरती गाडी चालवली होती, ट्रकएवढी; बर्फात, या टेकड्यांच्या बोळांतून, पुस्तकांच्या ओझ्यासकट. शेतघरांच्या अंगणात ती उलटी घ्यायची तेव्हा ट्रॅक्टरवाले उतरून बघत राहत.

आणि या गाडीचं चाक तिच्या हातात एकदाही आलं नव्हतं. मी नाही म्हटलं नव्हतं कधी. विषयच निघाला नव्हता. विषय निघू नये म्हणून मी किल्ली नेहमी आधीच उचलत होतो, एवढंच... एवढंच?

पंपावर पेट्रोल भरताना शेजारच्या व्हॅनमधला माणूस हसला. "काका, चाक भलत्याच बाजूला बसवलंय की!" मग वाकून ॲव्हिसला म्हणाला, "काय बाई, तुमच्या पुढचं चाक पळवलं कुणी?"

हा विनोद त्यांना शेकडो वेळा ऐकावा लागला होता आणि तिचं उत्तर ठरलेलं असे: पळवलं नाही हो, नवऱ्याने लपवलंय, मागितलं की रडतो. सगळे हसत, तोही हसे. आज नॉरिस नळी हातात धरून तिच्या तोंडाकडे बघत राहिला. ॲव्हिस त्या माणसाकडे बघून छान हसली. मग समोर, जिथे चाक असायला हवं होतं तिथे, हळूच हात फिरवून बघितला.

"आहे ना हो?" तिने व्हॅनवाल्याला विचारलं, जरा काळजीने. त्या माणसाचं हसू मावळलं. "असेल, असेल," तो म्हणाला आणि आपल्या व्हॅनकडे वळला.

हॉर्नकासल गाव मागे पडल्यावर बटाट्यांची ट्रॉली आडवी आली. उंच, हिरवी, फळ्यांच्या फटींतून माती गळणारी. नॉरिस तिच्या मागे मुकाट्याने चालू लागला. वर्षभर त्याने कुणालाही ओलांडलं नव्हतं. मागचे भोंगे वाजवत, शिव्या देत पुढे जात, आणि तो ताशी वीस मैलांनी चालत राही. एवढं मोठं इंजिन, आणि पुढे बटाटे.

"थांब," ॲव्हिस म्हणाली.

त्याने मान वळवली. ती ताठ बसली होती, नजर लांब. एक लाल मोटार उजवीकडून सर्रकन निघून गेली.

"थांब." पुन्हा. आणि पुन्हा एक, दुधाचा टँकर. तोच आवाज होता. कोरडा, थोडा कंटाळलेला, तिचा. गेल्या दोन वर्षांतल्या त्या पातळ, विचारत्या आवाजाचा त्यात मागमूस नव्हता. त्याच्या छातीत काहीतरी इतक्या जोरात उसळलं की त्याला स्वतःचीच भीती वाटली. आली... परत आली ही, डॉक्टरांना काय कळतं, या गाडीत, या सीटवर, ही इथेच होती, मी उगाच घरभर शोधत होतो...

"आता!"

आणि पाय ॲक्सिलरेटरवर गेला. विचार न करता गेला, चौतीस वर्षं जात आला तसा. गाडी गरजून बाहेर पडली, आणि पूर्ण रस्ता त्याला दिसला तेव्हा त्यात एक पांढरा ट्रक होता, एवढा जवळ, की चालवणारीचं उघडं तोंड दिसत होतं. ब्रेक, चाक, पुन्हा हिरव्या फळ्या, गाडीच्या नाकापासून हातभर. ट्रकचा भोंगा लांबत लांबत मागे गेला. ॲव्हिस हलली नव्हती.

"आता," ती म्हणाली, तितक्याच शांतपणे.

पुढच्या शेताच्या फाटकाशी त्याने गाडी रस्त्यापासून पार आत घेतली आणि किल्ली काढली. उतरला. फाटकाच्या नळीवर दोन्ही हात टेकून उभा राहिला. नांगरलेलं शेत, त्यावर बगळ्यांसारखे बसलेले समुद्रपक्षी. तिच्या हरवलेल्या भानापायी आत्ता दोघं मेलो असतो, हे त्याला समजत होतं. पण तिच्या 'आता'वर पाय गेला तेव्हा, त्या एका क्षणात, जे सुख झालं होतं... ते अजून अंगात होतं. ट्रक दिसल्यावरही ते संपलं नव्हतं. हे कुणाला सांगायचं? जिलियनला? सांगितलं तर उद्या गाडी जाईल, परवा ॲव्हिस जाईल त्या मऊ गालिच्यांच्या वृद्धाश्रमात. आणि नाही सांगितलं तर पुढच्या रविवारी मी पुन्हा किल्ली उचलेन. दोन्हीकडे काहीच उरलेलं नव्हतं, आणि तरी एकीकडे जायचं होतं.

मागे दार वाजलं. तो गर्रकन वळला.

ॲव्हिस रस्त्याकडे गेली नव्हती. गाडीच्या लांबलचक नाकाला वळसा घालून ती डावीकडे आली होती आणि चाकामागे बसली होती. आरसा तिने स्वतःसाठी नीट केला होता. दोन्ही हात चाकावर, जिथे असायला हवेत तिथे. पाय पेडलांपर्यंत पोचत नव्हते, पण पाठ अशी सरळ, की त्याला वाटलं, आता मागच्या फळ्यांवर पुस्तकं असतील.

"ॲव्हिस, उतर. ती माझी जागा..."

तिने काच खाली केली आणि मान कलती करून दुसऱ्या दाराकडे खूण केली. तो वळसा घालून गेला. किल्ली मुठीत घट्ट धरून उजवीकडच्या सीटवर बसला, या गाडीत पहिल्यांदा. इथून रस्ता दिसत होता. फाटकापलीकडे, टेकडीवरून खाली, पुन्हा वर, चर्चच्या मनोऱ्यापर्यंत, येणारं जाणारं सगळं. एवढं सगळं ती बघत होती, आणि मी फळ्या बघत होतो.

"तुम्हाला कुठे सोडू?" तिने विचारलं.

तुम्हाला. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर ओळख नव्हती. अदब होती, फेऱ्यांवर वाटेत भेटलेल्या म्हाताऱ्यांना ती देत असे तशी, मोकळी, घाईत नसलेली. असं तिने त्याला पन्नास वर्षांत काही विचारलं नव्हतं.

"तुम्ही सांगा नुसतं," ती म्हणाली. "मला इथले सगळे रस्ते माहीत आहेत."

धावपट्टी, लाउथ, घर. त्याने मनात एकेक नाव घेऊन पाहिलं. रस्त्यावरून ट्रॉलीमागून ट्रॉली जात होती आणि ती उत्तराची वाट बघत बसली होती, जराही न कंटाळता. नॉरिसने गुडघे थोडे आखडून घेतले, कुणाच्या परक्या गाडीत बसल्यावर माणूस घेतो तसे.