ओढा जिथे, हद्द तिथे

दादाने पलीकडून फेकलेलं टेपचं टोक तिने उचललं आणि सरळ ओढ्यात भिरकावलं. टेप पाण्याबरोबर वाहायला लागली, तसा पलीकडच्या काठावर तो घाईघाईने ती गुंडाळू लागला.

"मोजून काय होणार?" ती ओरडली. "आप्पा काय सांगून गेले? ओढा जिथे, हद्द तिथे. वाटणीच्या वेळी तूच मान डोलावली होतीस."

"तेव्हा ओढा तिथे होता." त्याने तिच्या पाठीमागे बोट दाखवलं.

होताच. तिच्या जुन्या काठापासून पाण्यापर्यंत आता काळ्याभोर गाळाचा रुंद पट्टा पसरला होता. पावसाळ्याआधी ही माती दादाच्या शेतात होती. मक्याच्या आणखी चार ओळी बसाव्यात म्हणून त्याने उन्हाळ्यात आपल्या काठावरची वाळुंजाची सगळी झाडं तोडली. दोघांच्या जन्माआधीपासून त्या झाडांनी काठ धरून ठेवला होता. तोडू नकोस म्हणून तिने अक्षरशः हात जोडले. "तुला शेतीतलं काय कळतं?" म्हणत त्याने फांद्या ओढ्यात ढकलल्या आणि हात झटकले. मग पूर आला. त्याचा काठ भिजल्या पावासारखा ढासळला. नव्या चार ओळी गेल्याच, जुन्या शेताचाही लचका गेला. ओढा त्याच्या बाजूला सरकला. तिच्या काठावरची झाडं होती तशी उभी राहिली.

"मशीन लावून हा गाळ उपसू दे," दादा म्हणाला. "ओढा जुन्या जागी नेतो. आणखी एक पूर आला तर माझी विहीर जाईल गं, चिमे."

चिमे! काम पडलं की चिमे. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"जाऊ दे विहीर! झाडं पाडताना नाही आठवली? आणि मशीन लावून काय करशील? पुढच्या पावसात ओढा परत तिथेच येईल. काठ धरायला आहे काय तुझ्याकडे? मक्याची खुंटं?"

"मग तू काय करणार या गाळाचं?"

"मका लावणार! पार पाण्याला टेकेपर्यंत! बघत बस तिथून."

बोलून गेली, आता करून दाखवणं आलं. पदर खोचून ती गाळात वाकली. सगळीकडे गुडघाभर कोवळे कोंब माजले होते. तिने एक हिसकून उपटला, तर त्याच्याबरोबर वाळुंजाची एक अर्धवट कुजलेली फांदी वर आली. फांदीच्या टोकाला कुऱ्हाडीचा घाव होता आणि अंगावर पांढरीशुभ्र मुळं फुटली होती.

म्हणजे याचा कचराही तिनेच उपसायचा!

"हे घे!" तिने ती फांदी पलीकडे फेकली. "तुझंच आहे, तुझ्याकडे ठेव!"

चिखल त्याच्या सदऱ्यावर उडाला. तिने दुसरी फेकली, तिसरी फेकली.

"आप्पांची झाडं होती ती! चांगला काठ तुला दिला त्यांनी, तरी मी चकार शब्द काढला नाही. आणि तू चार ओळींसाठी त्याची वाट लावलीस!"

पुढची फांदी त्याने मान खाली घालून चुकवली. मग टेप खिशात टाकली, खाली बसला, पायाशी पडलेलं, मुळं फुटलेलं एक रोप उचललं, चिखलात भोक पाडून त्यात उभं केलं आणि टाचेने दाबलं.

"तिथे नको, मूर्खा!" तिचा आवाज चिरकला. "खाली, पाण्याजवळ. विहिरीच्या समोर. आणि सरळ काय खोचतोस? तिरकं लाव!"

त्याने ते उपटलं आणि खाली नेऊन तिरकं लावलं.

"जन्मात कधी ऐकलं नाहीस कुणाचं," ती म्हणाली. "आता कशी वाचा बसली?"

तिचा तोंडाचा पट्टा काही थांबला नाही. पण आता ती रोपं हिसकत नव्हती. बोटांनी गाळ मोकळा करून मुळांसकट उचलत होती, मुळांभोवती मूठभर चिखल थापत होती आणि मगच, एक शिवी हासडून, पलीकडे फेकत होती. आपल्या बाजूची, पाण्यालगतची कोंबांची रांग मात्र तिने तशीच राहू दिली.