चार नंबरचं साधं खाद्य

"काका, बोला पटकन. चार नंबर भरायचा ना?" ट्रकवाल्याने फाळका खाली पाडला.

काका कप्प्याच्या दाराकडे बघत राहिले. सत्तावीस वर्षं सगळे त्यांना कॅलेंडरकाका म्हणत आले होते. कुठली मादी कधी व्यायली, कुठल्या कप्प्याला जंताचं औषध कधी दिलं, झोपेतून उठवून विचारा, तारखेसकट सांगतील! आणि आज तेच काका डुकरांच्या चार नंबरच्या कप्प्यापाशी घाम पुसत उभे होते.

खाद्य मिसळायचं काम त्यांचं. वाढीच्या डुकरांच्या खाद्यात एक पांढरी औषधी पूड घालायची. तिने जुलाब थांबतात, अंगही भरतं. पण विक्रीच्या आधी दहा दिवस ती बंद करून साधं खाद्य द्यायचं, नाहीतर औषध मांसात राहतं आणि खाणाऱ्याच्या पोटात जातं. चार नंबरची पूड बंद केली होती की नाही, हेच काकांना आठवत नव्हतं. डोकं अगदी कोरं.

पुडीच्या डब्यात किती उरली त्यावरून कळावं, तर नवा डबा त्यांनीच मधे कधीतरी फोडलेला. डुकरांकडे बघून काय कपाळ कळणार? चाळीसच्या चाळीस गुबगुबीत, एकमेकांना ढुशा देत होती.

'केली असेलच की बंद. आजवर कधी चुकलंय?' त्यांनी स्वतःला समजावलं. पण मागच्या महिन्यात ते एकाच सकाळी दोनदा आंघोळीला गेले होते. बायको हसली होती, तेही हसले होते. आता त्यांना हसू येईना.

नुसतं 'हो' म्हटलं की सुटले. इथे कोण तपासणार होतं? आणि 'आठवत नाही' म्हटलं, तर ज्याला आठवत नाही त्याच्या हाती खाद्य देणार कोण?

तेवढ्यात मालकीणबाई आल्या. "का थांबलाय रे?"

"काका बोलतच नाहीत."

"काकांनी बघितलं असेल ना? मग विचारायचं काय त्यात? भर."

ट्रकवाल्याने कप्प्याचं दार उघडलं. पहिलं डुक्कर फळीवर चढलं, तसे काका आडवे आले. "थांब रे! ताई, चार नंबर पाठवू नका. पूड बंद केली की नाही, मला आठवत नाही."

"म्हणजे चालूच ठेवलीत?"

"तेही सांगता येत नाही. आठवतच नाही."

"घ्या! कॅलेंडरचं पान फाटलं!" ट्रकवाला म्हणाला. कुणी हसलं नाही, तसा तोही ओशाळला.

मालकीणबाईंनी फळीवरचं डुक्कर मागे हाकललं. "बरं. मग तीन नंबर भरू या."

"तीनचं पक्कं आहे ताई. मी स्वतः..." काका बोलता बोलता अडखळले. डोळ्यांपुढे तीन नंबरची बादली होती, पण ती याच खेपेची की मागच्या, कोण जाणे. "नको. तीनपण नको."

ट्रक रिकामा गेला. जाताना ट्रकवाला बरंच काही तोंडातल्या तोंडात पुटपुटला, आणि काकांनी ते सगळं ऐकून घेतलं.

संध्याकाळी काका खाद्य मिसळायला बसले, तेव्हा मालकीणबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या या खोलीत खाद्याच्या वेळी कधी आल्या नव्हत्या. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनाही अवघडल्यासारखं झालं असावं, कारण त्या रस्त्याकडेच बघत राहिल्या.

"चार नंबर. साधं खाद्य. दहातला पहिला दिवस," काका मोठ्याने म्हणाले.

"हो, काका."

काकांनी भरलेली बादली बाजूला ठेवली. दुसरी भरली, हाताने ढवळली, काठावरचा भुसा पुसला.

"तीन नंबर. साधं."

रस्त्यावरून काहीतरी खडखडत गेलं. बाईंना ऐकू गेलं नसावं. काका बादलीच्या कडीवर हात ठेवून, त्या हो म्हणेपर्यंत तसेच बसून राहिले.