लाल चौकटीतली केरसुणी

माझा लहानगा साई दुपारी दीड तास झोपायचा. कंपनी सोडल्यापासून माझी नोकरी तेवढ्याच वेळाची. त्या दीड-दीड तासांतून मी एक छोटासा प्रोग्रॅम लिहिला आणि त्याचं नाव केरसुणी ठेवलं.

कर्वेनगरात आमच्या इमारतीखाली प्रेमलाताईंचं टायपिंगचं दुकान होतं. त्या वर्षी, दोन हजार आठला, कॉलेजच्या मुलींच्या पेनड्राइव्हमधून एक व्हायरस तिथे ये-जा करायचा. तो काम पुसायचा नाही. खरं फोल्डर लपवायचा आणि त्याच नावाचं खोटं जागेवर ठेवायचा. मुलींना वाटायचं, गेलं सगळं. केरसुणी खोटं झाडून टाकायची, खरं पुन्हा समोर आणायची.

दुकानातला अँटिव्हायरस त्या व्हायरसला ओळखत नव्हता, केरसुणीला मात्र दिसताक्षणी धरायचा. त्याचं तरी काय चुकलं? न विचारता दुसऱ्याच्या फाइलींत हात घालते, खोडते, लपलेलं उघडते. चोर याहून वेगळं काय करतो? मी अँटिव्हायरसच्या कंपनीला मेल केला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं, फाइल निर्दोष आहे. तोवर व्हायरसनं रूप बदललं होतं, म्हणून मी केरसुणी बदलली होती. आणि बदललेली केरसुणी त्यांच्या लेखी पुन्हा अनोळखी. परत मेल, परत वाट. प्रेमलाताई म्हणाल्या, "अगं, रेशनकार्डसुद्धा याहून लवकर होतं." शेवटी आम्ही रीत पाडली. आधी अँटिव्हायरस पाच मिनिटं बंद करायचा, मग केरसुणी चालवायची.

पायल आली त्या दिवशी साईला दात येत होते, तो झोपलाच नव्हता. प्रेमलाताईंनी फोनवर हळूच सांगितलं की पोरगी रडायच्या बेतात आहे, म्हणून त्याला कडेवर घेऊनच खाली गेले. एम.फिल.चा प्रबंध, चार प्रकरणं, सोमवारी द्यायचा, आणि फोल्डर उघडत नव्हतं. दुसरी प्रत नव्हती. प्रेमलाताई काम हातात दिलं की आपल्या मशीनवरून पुसून टाकत. एकीच्या प्रबंधातली पानं एकदा दुसरीच्या प्रबंधात निघाली होती, तेव्हापासूनचा तो नेम. दारावर पाटीच होती: 'आपले काम आपण सांभाळावे. आमच्याकडे प्रत मागू नये. नसते.'

"आहे, सगळं आहे," मी पायलला म्हटलं. "नुसतं लपलंय. पाच मिनिटं दे."

साईनं माउसची वायर ओढली. ती त्याच्या मुठीतून सोडवता सोडवता मी केरसुणीवर क्लिक केलं. अँटिव्हायरस बंद करायचा राहिला.

भोंगा वाजल्यासारखा आवाज झाला आणि लाल चौकट आली. धोका सापडला. खाली माझ्या केरसुणीचं नाव. फाइल काढून टाकली आहे.

पायलनं ते वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पेनड्राइव्ह उपसून मुठीत धरला.

मी सांगू लागले की हा प्रोग्रॅम माझा आहे, मशीनचा गैरसमज होतोय. बोलताना माझं मलाच ते खोटं वाटायला लागलं. प्रेमलाताई मध्ये पडल्या. ही इंजिनिअर आहे, वरच राहते, पळून जाणार नाही. मी म्हटलं, प्रोग्रॅम राहू दे, तुझ्यासमोर हातानं एकच ओळ टाइप करते. पण काळ्या पडद्यावरची पांढरी अक्षरं पाहून ती उठलीच.

"मॅडम, हा कॉम्प्युटरच सांगतोय ना, तुमच्याकडे व्हायरस आहे म्हणून. मग मी तुमचं का ऐकू?"

कुणालाही फॉरमॅट करू देऊ नकोस, एवढंच मी तिच्यामागून रस्त्यापर्यंत सांगत गेले. साई रडत होता, तिला ऐकू गेलं की नाही कळलं नाही.

ऐकू गेलं होतं. चौकातल्या दुकानदारानं फॉरमॅट करावं लागेल म्हटलं, आणि ती लगेच हो म्हणाली. व्हायरसवाली बाई नको म्हणते, म्हणजे तेच करायला हवं. त्यानं ते केलं, पेनड्राइव्ह कोरा झाला, आणि नीट चालतोय का बघायला त्यात काठोकाठ गाणी भरून दिली; पुसलेलं परत काढायची सोयही गेली. हे तिनंच शनिवारी येऊन सांगितलं. हातात कच्चे कागद होते. तिचं अक्षर प्रेमलाताईंशिवाय कुणाला लागत नव्हतं.

एकट्या प्रेमलाताईंच्यानं सोमवारपर्यंत होणार नव्हतं. त्यांच्या शेजारी बसून बसून ते अक्षर मलाही थोडंफार लागू लागलं. मी वाचत होते, त्या टाइप करत होत्या. साई टेबलाखाली सतरंजीवर झोपला होता. तिसऱ्या प्रकरणाला कागदच नव्हते. ते पायलनं इथे बसून तोंडी सांगितलं होतं. आता ती भिंतीकडे पाहत एकेक वाक्य आठवत होती. दोन पानांनंतर काही येईना.

"ताई," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "तेव्हा खरंच होतं का हो त्यात?"

प्रेमलाताईंचे हात थांबले. त्या दिवशी पेनड्राइव्हमध्ये चार प्रकरणं जशीच्या तशी होती. एका ओळीनं समोर आली असती. तिचे डोळे सुजलेले होते, आणि अजून दीड प्रकरण लिहायचं होतं.

"नाही गं," मी म्हटलं. "माझाच अंदाज चुकला. आधीच गेलेलं होतं."

तिनं मान हलवली. तिला जरा बरं वाटल्यासारखं दिसलं. प्रेमलाताईंनी माझ्याकडे बघायचं टाळलं आणि तिला विचारलं, "हं, पुढे?"